अलो पाण्याखाली असताना

२ जून

बर्फ हटला. आज बोट पाण्यात गेली.

बोट म्हणायची आपली पद्धत. दोन लोखंडी तराफे, त्यांवर फळ्या, फळ्यांवर इंजिन, पंप, पाणी तापवायची भट्टी आणि सोनं अडवणारी ती लांब उतरती पेटी. माझ्या धाकट्या भावाने, अलोने, हिवाळाभर परसात ठोकाठोकी करून उभी केली. शेजारच्या धक्क्यावर विल्मर आपल्या ड्रेजला, म्हणजे तसल्याच सोनं उपसायच्या बोटीला, रंग देत होता. तो ओरडला, "अलो, नाव काय ठेवलंस हिचं? भंगार?"

अलो म्हणाला, "तुझी बुडाली की हिच्यावरूनच येईन तुला उचलायला. तेव्हा विचार नाव."

बाबा रोज हवा लिहून ठेवायचे. वारा कुठला, लाटा किती, सील दिसले का. मीही तेच करणार आहे असं अलोला सांगितलंय. पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. मी काम करते ते शाळेचं स्वयंपाकघर उन्हाळ्यात बंद असतं, दिवसभर मी बोटीवर एकटी आणि अलो पाण्याखाली. मनात येतं ते कुठेतरी ठेवायला हवं.

अलोने दारू सोडून आता वर्ष झालं. तो पुन्हा माणसात आलाय, माझा पूर्ण विश्वास आहे, असं मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगते. इथे खरं लिहिते. विश्वास नाही. गॅब्रिएलदादाच्या वेळीही मी हेच सांगत होते. तो फ्रंट स्ट्रीटवरच्या बारमधून घरी यायला निघाला आणि पोचला नाही. सकाळी बर्फात सापडला, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर.

५ जून

उत्तरेचा वारा. समुद्र सपाट, पण हात गारठून लाकूड होतात.

निघण्याआधी अलो माझ्यासमोर उभा राहिला, तोंड उघडून माझ्या नाकावर श्वास सोडला. "हं, घे वास. उगाच दिवसभर विचार करत बसू नकोस."

"मी काय पोलीस आहे?"

"पोलीस परवडला, ताई. तो तोंडाने विचारतो. तू नुसती डोळ्यांनी विचारतेस."

कॉफी आणि पुदिन्याची गोळी. दुसरा वास नव्हता.

तो खाली गेला. माझं काम सोपं आहे. इंजिन चालू ठेवायचं, त्याच्या सूटमध्ये जाणारं गरम पाणी थंड पडू द्यायचं नाही, हवेची पिवळी नळी कुठे अडकू द्यायची नाही. कॉम्प्रेसर वरची हवा ओढतो आणि त्या नळीने त्याच्या मुखवट्यात सोडतो. तो जाड नळीने तळाची वाळू ओढतो, ती पेटीवरून धडधडत वाहते, वाळू वाहून जाते आणि सोनं चटईत अडकतं. अडकलं तर.

आज अडकलं. थोडंसंच, पण लाल वाळूत पिवळं दिसलं तेव्हा अलो लहान मुलासारखा नाचला. तराफा डुगडुगला. "कोराच्या खोलीची खिडकी झाली, ताई! छप्पर उद्या!"

कोरा त्याची मुलगी. सतरा वर्षांची. आईजवळ अँकरेजला असते. शाळेचं शेवटचं वर्ष ती इथे बापाजवळ काढणार असं ठरलंय, ऑगस्टमध्ये येईल. अलो तिच्यासाठी घराला खोली जोडतोय. अट एकच, लोर्नाने घातलेली. लोर्ना म्हणजे कोराची आई. अलोने थेंबाला शिवायचं नाही.

११ जून

पाऊस. तिरपा, हाडात शिरणारा. मी दिवसभर इंजिनाजवळ कुडकुडत बसले. संध्याकाळी अलोने माझ्या ओल्या बुटांकडे पाहिलं. मग परसातून जुन्या तंबूचं कापड काढलं आणि बोटीवर जाऊन इंजिन, कॉम्प्रेसर आणि माझी बसायची पेटी यांवर छान पाल ठोकलं. तीन बाजू बंद, एक उघडी. कॉम्प्रेसरची हवा ओढायची उभी नळी छताला अडत होती, ती करवतीने निम्मी कापली.

"आता तू राणीसारखी बस," म्हणाला. "इंजिनाची ऊबही मिळेल."

लग्न झालं असतं तर नवऱ्याने असं काही केलं असतं का, कोण जाणे. बाबांनी नक्की केलं नसतं.

१५ जून

धुकं. वारा अजिबात नाही. समुद्र तेलासारखा. पालात मस्त ऊब, मला डुलकी लागत होती.

अलो वर आला तो रांगतच. मुखवटा काढला आणि कडेला वाकून ओकला. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, डोकं फुटतंय. बोलताना जीभ जड. उभा राहायला गेला तर तोल गेला, पेटीला धरून राहिला.

मी मुद्दाम अगदी जवळ गेले. रबराचा वास, ओकारीचा वास, पुदिना.

"काय हुंगतेस?" तो म्हणाला.

"काही नाही."

"सकाळचा मासा बाधला असेल."

मीही तोच मासा खाल्ला होता. सीलच्या तेलात बुडवून, दोन तुकडे जास्तच. मला काही झालं नाही. थोडं डोकं दुखतंय, पण ते इंजिनाच्या आवाजाने.

संध्याकाळी तो ठणठणीत. खोलीच्या भिंतीला फळ्या मारत होता, शीळ घालत होता. मला हा प्रकार माहीत आहे. गॅब्रिएलदादाही संध्याकाळी असाच शहाणा व्हायचा.

१६ जून

पुन्हा धुकं, पुन्हा तेच. आज ओकला नाही, पण वर आल्यावर मला विचारलं, "आई जेवली का?" आईला जाऊन बारा वर्षं झाली. मग स्वतःच हसला, म्हणाला, "काय बोलतोय मी!"

तो बंदरात इंधन आणायला गेला तेव्हा मी त्याच्या पिशव्या उलट्या केल्या. हातमोजे, पुदिन्याच्या गोळ्या, कोराचा फोटो. भट्टीच्या मागे हात घातला, तराफ्याच्या झाकणाखाली पाहिलं. काही नाही. दारुडा माणूस लपवायला हुशार असतो. आमच्या घरात एकदा पिठाच्या डब्यात सापडली होती.

पुदिन्याच्या गोळ्या एवढ्या कशाला लागतात माणसाला?

१९ जून

उत्तरेचा जोराचा वारा. पाल फडफडून फाटेल असं वाटलं. अलो दिवसभर खाली होता आणि वर आला तो हसत. मला तळाच्या गोष्टी सांगितल्या. एवढे मोठे खेकडे, म्हणे, नळीच्या तोंडाशी येऊन बसतात, जसे जकात नाक्यावरचे कारकून. एक दगड हलवला तर खाली फटीत सोनं, मोहरीच्या दाण्यांसारखं.

वारा असला की हा माणसात असतो. गंमतच आहे. थंडीने दारूची आठवण येत नाही की काय?

२४ जून

आज भांडलो.

पान हलत नव्हतं. तो वर आला, डोळे लाल, चेहराही लाल. मी काही बोलायच्या आत त्याने पेटीतली चटई उचलली, तिला धुवायच्या बादलीकडे न्यायची तर उलट दिशेला वळला आणि पाण्यात पाडली. दोन दिवसांचं सोनं त्या चटईत होतं. ती गेली. तो तिकडे बघत उभा, जणू दुसऱ्या कुणाची पडली.

मी म्हटलं, "सांग. कुठे ठेवतोस?"

"काय?"

"अलो, मी गॅब्रिएलला उचलून आणलंय. बाबांना उचलून आणलंय. मला येडी समजू नकोस. खाली जातोस तेव्हा सूटमध्ये घेऊन जातोस का? बाटली?"

त्याने मुखवटा माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "ताई, तोंडावर मुखवटा असतो. पिऊ कसा? नाकातून?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मग काय होतंय तुला? वाऱ्याच्या दिवशी चांगला, आणि हवा शांत झाली की झिंगतोस?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. खाली गेल्यावर थोड्या वेळाने सगळं मऊ होतं. आवडायला लागतं. कधीकधी वाटतं मी म्हातारा झालो." मग खाली बसून म्हणाला, "डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी पाण्याखाली जायला बंदी केली, तर खोलीचं काय? हा एक उन्हाळा, ताई."

आवडायला लागतं! दारूबद्दल याहून वेगळं कुणी काय बोलतं?

माझंही डोकं दिवसभर ठणकतंय. गोळी घेतली.

२६ जून, रविवार

चर्चला दोघे गेलो. अलो माझ्या शेजारी उभा राहून गात होता. आवाज बाबांचाच.

दुपारी तो खोलीचं छप्पर घालायला चढला तेव्हा मी लोर्नाला फोन केला.

अलो पुन्हा प्यायला लागलाय म्हणून सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रोझलिया, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"बाटली पाहिली नाही. पण झोकांड्या जातात. जीभ अडखळते. आईची चौकशी करतो."

"मी त्याच्यासोबत अकरा वर्षं काढली. एवढं पुरे आहे मला." मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून ऐकते. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

कोराला वाचवलं असं स्वतःला सांगतेय. वर छपरावर हातोडीचा आवाज चालू होता.

३ जुलै

लोर्नाने काल त्याला कळवलं. कोरा येणार नाही. कारण काय दिलं ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तो जेवला, ताट धुतलं. मग बाहेर गेला. मी खिडकीशी बसले. मला वाटलं, आता फ्रंट स्ट्रीटला जाईल. नाही गेला. छपरावर चढला आणि उरलेले पत्रे ठोकले. येणार नसलेल्या मुलीच्या खोलीला.

आज सकाळी नेहमीसारखा समोर आला, तोंड उघडून श्वास सोडला. विनोद केला नाही. फक्त श्वास.

८ जुलै

विल्मर होडीतून जवळून गेला. "रोझलिया! गाल बघ कसे गुलाबी झालेत तुझे! त्या पालात बसून तरुण व्हायला लागलीस."

मी म्हटलं, "मग तूही एक शिवून घे. तुला जास्त गरज आहे."

अलो हसला, पण उशिरा, विल्मर दूर गेल्यावर.

त्याला चांगली जागा सापडलीय. लांब चर आहे, लाल वाळूने भरलेला. हवा अशीच शांत राहिली तर आठवडाभरात पुऱ्या मोसमाचं काम होईल म्हणतो. आता कुणासाठी करतोस, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

१६ जुलै, अँकरेज, इस्पितळ

चार दिवस झाले, लिहायला जमलं नाही. आज लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

बारा तारखेला धुकं होतं, वाऱ्याचं नाव नाही. अलो सकाळीच खाली गेला. मी पालात बसले होते, डोकं जड. पेटीवरून वाळू धडधडत होती, तोपर्यंत ठीक. मग धडधड थांबली. पेटीत नुसतं स्वच्छ पाणी येऊ लागलं. म्हणजे खाली नळी वाळूत नाही, कुणी धरलेली नाही.

बुडबुडे येत होते. एका जागी, सावकाश. म्हणजे श्वास चालू आहे.

मला काय वाटलं ते लिहितेच. मला वाटलं, झोपलाय. ढोसून झोपलाय तळाशी. आणि मला राग आला, इतका की मी नळी ओढली नाही. बसून राहिले. म्हटलं, झोपू दे, गारठला की येईल आपोआप वर. किती वेळ बसले ते सांगता येत नाही. कॉफीचा एक पेला प्यायले. तेवढा वेळ.

मग नळी ओढून खूण केली. उलट खूण नाही. पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढायला लागले, पण तो कुठेतरी अडकला होता आणि माझ्या हातात बळ नव्हतं. पायही भलतीकडे जात होते. मी ओरडले. धुक्यात आवाज कुठे पोचतो कोण जाणे, पण विल्मर जवळच होता. तो होडी घेऊन आला, पाणबुड्याचा सूट अंगावर होताच, तसाच खाली गेला. दोघांनी मिळून अलोला वर घेतलं. मुखवटा तोंडावर घट्ट होता, पाणी शिरलं नव्हतं. चेहरा लाल, झोपलेल्या बाळासारखा.

विल्मर त्याची छाती दाबत होता. मी वायरलेसवरून बंदराला हाक द्यायला पालात शिरले आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. उठता येईना. विल्मरने पाहिलं. अलोला सोडून दोन उड्यांत आला, माझी कॉलर धरून मला उघड्यावर ओढलं, आणि नाक वर करून थांबला. मग त्याने सुरी काढली आणि पाल वरून खालपर्यंत फाडलं. इंजिन बंद केलं.

"ही नळी कुणी कापली?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, अलोने. पाल बसावं म्हणून.

"इंजिनाचा धूर इथे कोंडतोय," विल्मर म्हणाला. ओरडला नाही, अगदी हळू म्हणाला. "आणि कॉम्प्रेसर तोच ओढून खाली पाठवतोय. देवा रे. किती दिवस?"

मी सांगितलं, जूनपासून.

"त्याला काही होत नव्हतं?"

 तो पुन्हा अलोकडे वळला होता.

विमानाने इथे आणलं. डॉक्टरीण तरुण आहे, सरळ बोलते. रक्तात धुराचं विष भरलं होतं, म्हणाली. मी विचारलं, आणखी काही? तिला समजलं नाही. मी विचारलं, दारू?

"दारू? नाही, बाई. थेंबही नाही."

बाहेर बाकावर कोरा आणि लोर्ना बसल्या होत्या. ते शब्द त्यांनीही ऐकले. लोर्नाने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं तिने माझ्यावर उपकारच केले.

२० जुलै

डोळे उघडले! मला म्हणाला, "ताई, इंजिन बंद केलंस ना?" कोराला ओळखलं, तिचा हात धरला. डॉक्टरीण म्हणते, नशीब. मात्र सांभाळा, म्हणते, हे विष कधीकधी महिन्याभराने पुन्हा डोकं वर काढतं. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. तो सूप पितोय, मला आणखी काय हवं?

९ ऑगस्ट

घरी आलो. अलो बरा आहे. थकतो, पण बरा आहे. सुकवायला टांगलेले मासे त्याने स्वतः उलटे केले. विल्मरने बोट ओढून परसात आणून ठेवली होती. अलो तिच्याभोवती फिरला, फाटलेलं पाल हाताने चाचपलं.

म्हणाला, "तू भिजत होतीस म्हणून."

मी म्हटलं, "माहीत आहे."

लोर्नाशी फोनवर बोलला. कोराला पुढच्या महिन्यात पाठवते म्हणाली. मी त्याला लोर्नाला केलेल्या फोनबद्दल सांगायचं ठरवलं होतं. त्याने खोलीला कुठला रंग द्यायचा ते विचारलं. मी पिवळा म्हटलं. मग सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी सांगितलं नाही.

२९ ऑगस्ट

काहीतरी होतंय.

परवा खोलीला रंग देता देता थांबला, ब्रश हातात धरून उभा. मी हाक मारली तर रडायला लागला. कशासाठी ते त्यालाच सांगता येईना. काल बुटाऐवजी हातमोजा पायात घालत होता. चालताना पाय घसटतात. हात थरथरतो, चमच्यातलं सूप पोचेपर्यंत निम्मं सांडतं.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अँकरेजला फोन केला. म्हणाले, हेच ते. उशिरा येतं. थोडं सुधारेल, कदाचित. किती, ते सांगता येत नाही.

मी चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थना सुचली नाही.

१७ सप्टेंबर

शाळेचं स्वयंपाकघर सुरू झालंय. मी कामावर जाते तेव्हा शेजारीण अलोजवळ बसते. आज ती पाव आणायला उठली आणि तो बाहेर पडला.

दुपारी घरी आले तर दारात पोलिसाची गाडी. पोलीस नवा, दक्षिणेकडून कुठूनसा आलेला, वयाने पोरगाच. मागच्या सीटवर अलो.

"फ्रंट स्ट्रीटवर सापडले. भिंतीला धरून चालत होते. आज आत टाकत नाही, पण बाई, यांना घरात ठेवा."

"तो पीत नाही," मी म्हटलं.

"हो, हो."

"तो आजारी आहे. इंजिनाच्या धुराने. त्याने वर्षात थेंब घेतलेला नाही, सव्वा वर्षात."

त्याने टोपी काढली. चांगल्या घरचा मुलगा असावा. माझी कीव आली त्याला. "बाई, माझ्या मामाचं असंच होतं. मामीही असंच सांगायची. घरच्या माणसांना मानायला जड जातं, समजू शकतो मी."

मी त्याच्या अगदी समोर गेले. "वास घे," म्हटलं. "त्याच्या तोंडाचा वास घे."

"बाई, त्याची गरज नाही. मी पाहिलंय ना."

गाडी निघून गेली. अलोला आत आणताना समोरच्या घराचा पडदा हलला. त्या बाईला मीच जूनमध्ये सांगितलं होतं की माझा अलोवर पूर्ण विश्वास आहे. तिला काय वाटलं असेल? काय वाटायचं ते वाटो. मी उद्या तिच्याकडे जाईन. पोलीस ठाण्यातही जाईन. बारमध्ये जाऊन सांगेन, दुकानात सांगेन. किती जणांना सांगणार आहे?

८ ऑक्टोबर

कोरा आली. आठ दिवस राहणार. शाळा तिकडेच चालू आहे, सुट्टी काढून आलीय.

उंच झालीय, आमच्या आईसारखी कपाळावर आठी. पिवळ्या खोलीत बॅग ठेवली, भिंतींवरून हात फिरवला. अलो दारात उभा होता. म्हणाला, "आवडली?" ती म्हणाली, "बाबा, यातून समुद्र दिसतो!" त्याने मान हलवली आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "आवडली?"

११ ऑक्टोबर

अलोला तिचं नाव आठवतं, चेहरा आठवतो, पण ती त्याला लहान वाटते. आज तिच्यासाठी माशाचे काटे काढत बसला, थरथरत्या बोटांनी. तिने काढू दिले.

भांडी धुताना मी तिला सांगितलं. लोर्नाला फोन मी केला, मी तुझं येणं मोडलं, तो तेव्हा पीत नव्हता आणि मी त्याचं ऐकलं नाही.

"आत्या, मला माहीत आहे," ती म्हणाली.

"आईने सांगितलं?"

"बाबांनी. तेव्हाच, जुलैमध्ये. मी फोनवर खूप ओरडले होते तुझ्या नावाने. बाबा म्हणाले, आत्यावर चिडू नकोस. ती त्या खिडकीत बसून फार जणांची वाट बघत आलीय."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दहा दिवसांत तो रोज माझ्यासमोर येऊन श्वास सोडत होता आणि त्याला माहीत होतं.

कोराने पाणी बंद केलं. मी नुसतीच नळाखाली हात धरून उभी होते.

१५ ऑक्टोबर

कोरा गेली.

विमानतळावर आम्ही तिघे. बाहेर पहिला बर्फ, आत गर्दी. खेड्यांकडे निघालेल्या बायका, खोकी, कुत्रा. तिचं नाव पुकारलं. ती मला बिलगली, मग अलोकडे वळली, आणि त्याचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं. एका बुटाची नाडी सुटली होती.

तो खाली बसला. बसायलाच वेळ लागला, एक हात खुर्चीवर, एक जमिनीवर. मग नाडी धरली. बोटं ऐकेनात. एक फास केला, सुटला. पुन्हा केला. मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "भर सकाळीच लावलीय गड्याने."

मी वळले. ओळखीचा नव्हता. मी म्हटलं, "माझा भाऊ आजारी आहे." मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो माणूस खोक्यावरचा पत्ता वाचू लागला. त्याला पटलं की नाही, माहीत नाही.

फाटकावरच्या बाईने कोराचं नाव पुन्हा पुकारलं. कोरा जागची हलली नाही. बापाच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. गाठ कशीतरी बसली. "आता पळ," अलो म्हणाला, "उशीर होईल." ती धावत गेली, मागे न बघता, आणि त्या बाईने तिच्यासाठी दार उघडं धरलं होतं.

घरी येताना मी गाडी सावकाश चालवली. काच पुसत अलो बाहेर बघत होता. किनाऱ्याशी पाण्यावर बर्फाची साय धरायला लागलीय, उत्तरेचा वारा आहे, सील एकही दिसला नाही.

पुलाशी आल्यावर त्याने विचारलं, "कोराला शाळेत सोडलं ना?"

मी म्हटलं, "हो. सोडलं."

"मग संध्याकाळी आणायला मी जातो," तो म्हणाला. "तू दमलीस."